के-१मध्ये येणाऱ्यांनो, आधी बसायला शिका

इंदूरमध्ये राहून स्प्रिंट कयाकिंगची, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या पॅडलनं बसून बोट पळवायच्या शर्यतीची, पूर्ण तयारी होत नाही. के-१ ही त्यातली एकट्यानं चालवायची बोट. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मला विचारणाऱ्या प्रत्येक घराचा पहिला प्रश्न "जवळपास कुठे क्लास आहे का" हाच असतो. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. तिथे पक्ष्यांचा हक्क पहिला, आणि तो तसाच राहावा. पिपल्यापाल्याला सहलीच्या बोटी फिरतात. बिलावलीचं पाणी मे महिन्यात किती आत जातं ते आपण सगळे बघतो. या खेळाला हजार मीटर सरळ, मोकळं पाणी लागतं. शर्यतीचा पूर्ण कोर्स म्हणजे नऊ लेन, आणि प्रत्येक लेन नऊ मीटरची. असं पाणी आपल्यासाठी भोपाळला आहे. देवास, आष्टा, सीहोर करत बसनं चार तास धरा.

महेश्वर जवळ पडतं, नर्मदाही आहे, मग तिथे का नको, असं बरेच काका-काकू विचारतात. तिथल्या सहस्रधारेला चालतो तो स्लालम. खळाळत्या पाण्यात टांगलेल्या फाटकांमधून बोट काढायची. त्याची बोट वेगळी, त्याला लागणारं अंग वेगळं. तो फार सुंदर खेळ आहे, आणि तुमच्या मुलीला ते पाणी बघून भीतीऐवजी ओढ वाटत असेल तर तिला जरूर तिकडे पाठवा. मी लिहिते आहे ते सपाट पाण्यावरच्या सरळ शर्यतीबद्दल: २००, ५०० आणि १००० मीटर.

२०२३च्या जानेवारी-फेब्रुवारीत खेलो इंडिया युथ गेम्स मध्य प्रदेशात झाले आणि त्यात कयाकिंग-कनोइंग पहिल्यांदा आलं. स्प्रिंट भोपाळला आणि स्लालम महेश्वरला झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी सी-२ (दोघांची कनो) हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं. १९९४च्या हिरोशिमानंतर या खेळात आलेलं ते भारताचं पहिलं आशियाई पदक. ते कनोचं होतं, म्हणजे एका गुडघ्यावर बसून, एका पात्याच्या पॅडलनं मिळवलेलं. पण त्यानंतर रामबागेपासून सुदामानगरापर्यंतच्या मराठी घरांतून मला फोन येऊ लागले. पूर्वी आमच्या वाड्यात मी काय खेळते हे सांगताना "नाव चालवते" एवढंच समजायचं. आता निदान कयाक हा शब्द लोकांना कळतो. याचा मला मनापासून आनंद आहे.

इंदूरमध्ये काय करता येतं ते थोडक्यात सांगते. पोहणं. महूनाक्याच्या तरणपुष्करला जा, नेहरू पार्कला जा, कुठेही जा, पण कपड्यांसकट, दमलेल्या अवस्थेत, खोल पाण्यात सहज तरंगता येईपर्यंत बोटीचं नाव काढू नका. लाइफ जॅकेट घालायचंच, पण जॅकेट आहे म्हणून पोहणं नको असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पुलअप्स, डिप्स, पाठीचे आणि पोटाचे व्यायाम, आठवड्यातून काही दिवस धावणं. एखाद्या जिममध्ये कयाकचा अर्गोमीटर, म्हणजे जमिनीवर पॅडल मारायचं यंत्र, मिळाला तर तोही वापरा. मात्र अर्गो जमिनीला बोल्ट केलेला असतो. त्यावर तुमचे आकडे कितीही चांगले आले तरी पाण्यावर काय होईल हे त्यातून कळत नाही. अर्गोवर माझ्या पुढे असलेली आणि बोटीत माझ्या मागे राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि याच्या उलटही पाहिलं आहे.

आता मुख्य विषय. हा भाग लांबणार आहे, तो वगळू नका.

के-१ बोट ५२० सेंटिमीटर लांब असते आणि नियमानं तिचं वजन किमान १२ किलो असावं लागतं. पूर्वी किमान रुंदीचाही नियम होता, ५१ सेंटिमीटरचा. बोट बनवणारे तो नियम पाळायचे, पण ती रुंदी पाण्याच्या वर, खेळाडूच्या पाठीमागे डेकवर काढून द्यायचे. म्हणून त्या काळच्या बोटी वरून बघितल्या तर हिऱ्यासारख्या मध्ये फुगलेल्या दिसतात. २०००च्या सिडनी ऑलिंपिकनंतर हा नियम गेला आणि बोटी सडपातळ झाल्या. त्यामुळे पातं बोटीच्या अगदी कडेला पाण्यात घालता येऊ लागलं. आज तुम्ही चित्रफितींमध्ये बघता त्या सगळ्या या नव्या बोटी.

नवीन मुलांना वाटतं, वेगवान लोक अरुंद बोटीत बसतात, तेव्हा आपण जितक्या लवकर अरुंद बोटीत बसू तितके लवकर वेगवान होऊ. मलाही तसंच वाटलं होतं. एक सीनियर खेळ सोडत होता, त्याची बोट विकायला होती. आत्यानं भिशीचे पैसे दिले, बाबांनी उरलेले घातले. कार्बनची, हलकी, परदेशी बोट. आमच्या घरात त्याआधी स्कूटरपेक्षा महाग काही आलेलं नव्हतं. ती बोट माझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसासाठी बनवलेली होती, आणि मी तोवर शिकाऊ बोटीतही वाऱ्यात डगमगत होते.

पहिल्या काही आठवड्यांत माझी वेळ सुधारली. हा सापळा एवढ्या जणांना पकडतो तो यामुळेच. अरुंद बोटीला पाणी कमी अडवतं, त्यामुळे तुम्ही काहीही नवीन न शिकता घड्याळ चांगलं दिसायला लागतं. घरचे खूश, तुम्ही खूश, बरोबरीची मुलं तुमच्या बोटीकडे बघतात. मग वेळ तिथेच थांबते. महिनोन्महिने. तुम्ही जास्त व्यायाम करता, जास्त लांब जाता, जोर लावता, तरी वेळ हलत नाही. याच काळात खेळ सोडणारे सर्वांत जास्त असतात, आणि त्यांना शेवटपर्यंत वाटत राहतं की आपल्यातच दम नव्हता.

शरीरात काय होतं ते नीट समजून घ्या. बोट उलटायला लागली की मेंदू वेगाचा विचार बंद करतो आणि फक्त न पडण्याचा विचार करतो. तुम्हाला ते जाणवतही नाही. पॅडलवरची पकड घट्ट होते. खांदे कानांकडे चढतात. गुडघे बोटीच्या कडांना दाबून धरले जातात. कंबर सीटवर गोठते. पातं पायाच्या बोटांपाशी, बोटीला लागून पाण्यात जायला हवं, ते थोडं अलीकडे आणि थोडं लांब पडायला लागतं, कारण लांब टेकवलेलं पातं आधार देतं. आणि ते कमरेपाशी बाहेर यायला हवं तिथे न येता आणखी मागे रेंगाळतं, तेही आधारासाठीच. म्हणजे स्ट्रोकची दोन्ही टोकं तोल सांभाळण्यात जातात आणि पुढे ढकलायला मधला तुकडा तेवढा उरतो.

कयाकचा जोर कुठून येतो हे ज्याला कळलंय त्याला यातला तोटा लगेच कळेल. उजवं पातं पाणी पकडतं त्याच क्षणी उजवा पाय फूटबोर्ड ढकलतो, उजवा गुडघा सरळ होतो, उजवं कुल्लं मागे जातं आणि सगळं धड त्याबरोबर वळतं. हात जवळजवळ सरळ राहून हा जोर पात्यापर्यंत फक्त पोहोचवतो. गुडघे कडांना चिकटलेले असतील तर पाय ढकलू शकत नाही. पाय नाही तर कंबर नाही, कंबर नाही तर पाठ नाही. उरतात दंड आणि मनगटं. मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला जी कळ येते, ज्यासाठी मुलं बाम चोळत बसतात आणि घरी सांगतात की फार प्रॅक्टिस झाली, ती बहुतेक वेळा घट्ट पकडीतून आलेली असते. बाम लावून पुन्हा त्याच बोटीत बसलात तर ती परत येणारच. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा, पण बोटही बदला.

आता थोडं गणित, कारण आपल्या घरांत गणितावर विश्वास ठेवतात. बोटीच्या आकाराकडून मिळणारा आधार पाण्याला टेकलेल्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहा टक्के कमी झाली की आधार दहा टक्क्यांनी कमी होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो सुमारे सत्तावीस टक्क्यांनी कमी होतो. त्यात सीट वर उचलली तर तुमचा भार वर जातो आणि बोट आणखी नाचते. अनुभवी खेळाडू सीट उंच ठेवतात कारण त्यांना उंचीवरून चांगला जोर मिळतो. त्यांची बघून नवीन मुलं सीट उचलतात. तिसरी गोष्ट वजनाची. नेलोसारख्या कंपन्या एकच बोट वेगवेगळ्या वजनाच्या माणसांसाठी वेगवेगळ्या मापांत काढतात. पंचावन्न किलोच्या मुलीला पंच्याऐंशी किलोवाल्याच्या बोटीत बसवलं तर बोट पुरेशी खाली बसतच नाही. ती पाण्यावर उंच तरंगते, डगमगते, आणि वारा तिला बाजूला ढकलत राहतो. माझ्या बाबतीत ही तिन्ही कारणं एकत्र आली होती.

मग सरांनी मला त्या बोटीतून उतरवलं. ओरडले नाहीत. "पहले बैठना सीखो," एवढंच म्हणाले आणि लहान मुलं शिकतात त्या रुंद बोटीकडे बोट दाखवलं. सगळा हिवाळा मी तिच्यात होते. धुक्यात, बारा-तेरा वर्षांच्या मुलांबरोबर. माझ्या बरोबरीच्या मुली शेजारून निघून जायच्या तेव्हा मान वर करवत नसे. घरी फोन केला की आई विचारायची, "नवीन बोट कशी आहे?" आणि मी म्हणायची, "छान आहे." हे लिहिताना आजही घसा दाटतो. म्हणून तुम्हाला सांगते, कोणी पुन्हा रुंद, सोप्या बोटीत बसवलं तर ती शिक्षा नसते. तुमच्यासाठी कोणीतरी वेळ घालवतंय, असा त्याचा अर्थ असतो.

त्या बोटीत काय केलं, तर मिनिटाला साठ-सत्तर स्ट्रोक, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक स्ट्रोकला पाय. फक्त उजवीकडून वीस, मग फक्त डावीकडून वीस. पॅडल कॉकपिटवर आडवं ठेवून दोन्ही हात वर. चालत्या बोटीत मान पूर्ण मागे वळवून पाठीमागचा किनारा बघणं. कंटाळा यायचा. पण फेब्रुवारीच्या सुमारास एक दिवस जाणवलं की सीटवर कंबर आपोआप फिरते आहे आणि मनगटं दुखत नाहीत. त्यानंतर मधल्या मापाची बोट, आणि पुढे बऱ्याच दिवसांनी अरुंद बोट. तोवर माझी वेळ आधीच्या अडकलेल्या वेळेच्या खाली गेली होती, तीही रुंद बोटीत.

पुढच्या बोटीत कधी जायचं याची माझी कसोटी अशी आहे. मोटरबोट शेजारून गेली, तिच्या लाटा आल्या, आणि तुम्ही पॅडल मांडीवर ठेवून, बाटलीचं झाकण उघडून पाणी पिऊ शकलात, तर पुढची बोट मागा. बाजूच्या वाऱ्यात शेवटचे दोनशे मीटर दमलेले असतानाही पातं बोटीलगत पडत असेल, तर पुढची बोट मागा. ताज्या दमाचा, शांत पाण्यातला तोल मोजू नका. सकाळी सहाला भोपाळचा बडा तालाब आरशासारखा असतो तेव्हा कोणीही बसतं. शर्यत मात्र दुपारी वाऱ्यातही लागते.

आणि कोणी स्वस्तात बोट देतो म्हणाला तर आधी तीन गोष्टी विचारा: ती किती किलोच्या खेळाडूसाठी बनलेली आहे, सीट खाली घेता येते का, फूटबोर्ड तुमच्या पायापर्यंत येतो का. पहिल्या दोन-तीन वर्षांत स्वतःची बोट घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. तुमचं वजन वाढतंय, उंची वाढतेय. ते पैसे भोपाळच्या राहण्या-खाण्यावर घाला. स्वतःचं पॅडल घ्या, तेही कोचला विचारून, कारण नवशिक्याला मोठ्या पात्याचं पॅडलही तसंच नडतं.

आता मोठ्या खेळाडूंकडे बघू. मला सर्वांत जास्त धीर कोणी दिला असेल तर बिर्गिट फिशरनं. जर्मनीची ही खेळाडू १९८० मध्ये मॉस्कोला अठराव्या वर्षी के-१ ५०० मीटर जिंकली. १९८४ला पूर्व जर्मनीच्या बहिष्कारामुळे तिला जाताच आलं नाही. मग सोल, बार्सिलोना, अटलांटा, सिडनी. मध्ये खेळ सोडला, दोन मुलं झाली, परत आली. पुन्हा सोडला, आणि २००४च्या अथेन्सला बेचाळिसाव्या वर्षी के-४ (चौघींची बोट) मध्ये सुवर्ण घेतलं. एकूण आठ सुवर्ण आणि चार रौप्य. मी वर रुंदीच्या नियमाबद्दल लिहिलं, त्याच्या संदर्भात हिच्याकडे बघा. सिडनीपर्यंत ती जुन्या नियमाच्या बोटीत जिंकली आणि अथेन्सला नवीन काळात जिंकली. बोट बदलली, तिचं बसणं आणि तिचा स्ट्रोक तिच्याबरोबर राहिला. चोवीस वर्षांची कारकीर्द घाईनं मिळवलेल्या दोन सेकंदांवर उभी राहत नाही.

दुसरी लिसा कॅरिंग्टन, न्यूझीलंडची. तीही आठ सुवर्णांची मानकरी. ओहोपे या समुद्रकाठच्या गावात वाढली, सर्फ लाइफसेव्हिंगमधून कयाककडे आली, म्हणजे लाटांमध्ये तोल सांभाळणं आधी आणि रेसिंग बोट नंतर. २०१२ला लंडनमध्ये के-१ २०० जिंकली, २०१६ला रिओमध्येही जिंकली. पण रिओला ५०० मीटरमध्ये तिला ब्राँझ मिळालं. दोनशेमध्ये जगात सर्वांत वेगवान असलेली खेळाडू तिथे तिसरी आली. तिनं आणि तिचे कोच गॉर्डन वॉकर यांनी ५०० सोडलं नाही. टोकियोत के-१ २००, के-१ ५०० आणि के-२ ५०० अशी तीन सुवर्णं, पॅरिसला के-१, के-२, के-४ अशी ५०० मीटरची तीन सुवर्णं.

यात एक इशारा आहे. पॅरिसच्या ऑलिंपिक कार्यक्रमात कयाकची २०० मीटर शर्यत नव्हती, ती काढून टाकली. ज्यांनी फक्त २००वर सगळं लावलं होतं त्यांच्यासाठी ऑलिंपिकचं दार बंद झालं. आपल्याकडे ज्युनियर वयात २००मध्ये पदक लवकर मिळतं, कारण चाळीसेक सेकंद अंगात ताकद असलेलं पोर दणकावून काढतं. पाचशेला पावणेदोन-दोन मिनिटं लागतात आणि तिथे निम्म्याहून जास्त काम दमसासाचं असतं. तो वर्षानुवर्षांच्या लांब, संथ पॅडलिंगनं बनतो. पंधराव्या वर्षी "मी दोनशेचा खेळाडू आहे" असं म्हणणाऱ्या मुलाला मी तिथल्या तिथे थांबवते. या वयात तुम्ही कुठल्याच अंतराचे नसता.

आणि आपल्या राज्यातली ग्वाल्हेरची प्राची यादव. आधी पोहायची, मग पॅरा कनोइंगकडे वळली, भोपाळच्या छोट्या तलावावर सराव केला, टोकियो पॅरालिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेली आणि हांगझोउच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली. "आम्ही उशिरा सुरुवात केली, आता काय होणार" असं म्हणणाऱ्यांनी पोहण्यातून आलेल्या प्राचीकडे आणि लाटांतून आलेल्या लिसाकडे बघावं. दुसऱ्या खेळात कमावलेलं अंग वाया जात नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी पाण्याची भीती नसलेली, चांगली पोहणारी मुलगी बोटीत लवकर बसते.

कोचबद्दल माझी काही मतं आहेत, सगळ्यांना पटतील असं नाही. मोटरबोटीतून "रेट बढाओ, रेट बढाओ" एवढंच ओरडणारा कोच मला चालत नाही. रेट म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक, तो वाढवायला कोणीही सांगू शकतो. जेट्टीवर उभा राहून तुमच्या कमरेकडे बघणारा, आठवड्याला एकच गोष्ट सुधारायला सांगणारा माणूस शोधा. दुसरं, दर मोसमाला कोच बदलू नका. विरजण लावलेलं भांडं सारखं हलवलं तर दही लागत नाही. तिसरं, चित्रफिती बघून शिकायचं असेल तर स्वतःची बघा. जेट्टीवर कुणाला तरी बाजूनं आणि समोरून फोनवर काढायला सांगा. ऑलिंपिक विजेत्याचा स्ट्रोक हळू गतीत शंभर वेळा बघून काही होत नाही, कारण तुमचं पातं कुठे पडतंय हे तुम्हाला आतून चुकीचं जाणवत असतं. आणि संधी मिळाली तर के-२ मध्ये एखाद्या जाणत्या खेळाडूच्या मागे बसा. पुढच्याची लय आपल्या अंगात उतरते. मला वाटतं, मनगटावरच्या घड्याळातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे जास्त शिकवतं.

शॉर्टकटबद्दल स्पष्टच लिहिते. जन्मदाखल्यात दोन वर्षं कमी करून ज्युनियरमध्ये खेळवतो असं सांगणारा माणूस भेटला तर तिथून उठून या. कितीही गोड बोलला, कितीही पदकं दाखवली तरी. वय पुढे कधीतरी तपासलं जातं आणि तेव्हा तो माणूस कुठेच नसतो, नाव तुमचंच असतं. पावडर आणि गोळ्यांचंही तेच. उत्तेजक चाचणीत तुमच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची, "जिमवाल्या भय्यानं दिलं होतं" हे कोणी ऐकत नाही. दूध, अंडी, डाळ, भात, पोळी, केळी, दाणे यांवर खूप लांब जाता येतं. घरचं शाकाहारी असेल तर पनीर-सोयाबीन वाढवा. इंदूरचे पोहे-जलेबी आठवड्यात एकदा खा, मी आजही खाते.

पैसा आणि नोकरी. आई-बाबांचा हा प्रश्न योग्य आहे, त्याला उडवून लावू नका. या खेळात प्रायोजक जवळजवळ नाहीत. भोपाळच्या राज्य अकादमीत निवड झाली तर राहणं, खाणं, बोटी, प्रशिक्षण यांचा भार घरावरून बराच उतरतो, म्हणून सगळं लक्ष तिच्या ट्रायलवर ठेवा. राष्ट्रीय पदकांनंतर सेना, नौदल, निमलष्करी दलं आणि पोलीस यांच्या क्रीडा भरतीकडे बघता येतं. आपल्या राज्यात ज्युनियरांसाठी एकलव्य आणि सीनियरांसाठी विक्रम पुरस्कार आहे, आणि विक्रम मिळालेल्यांना सरकारी नोकरीचा रस्ता खुला होतो. पण ही दारं थोड्यांसाठीच उघडतात, हे आजच घरात बसून बोला. शिक्षण सोडू नका. बारावीचं वर्ष आणि मोसम एकमेकांवर येतील तेव्हा शाळेला आधी लिहून कळवा, परीक्षेच्या तोंडावर धावपळ करू नका. शारीरिक शिक्षणात पुढे जायचं असेल तर ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षा संस्थान आपल्या राज्यातच आहे, १९५७ पासून. तिथून शिकलेला माणूस खेळ थांबल्यावरही खेळात राहू शकतो.

मुलींच्या आयांसाठी एक वेगळी ओळ. काकू, रंग काळवंडेल, खांदे रुंद होतील, हे दोन्ही होईल. माझेही झाले. ब्लाऊज नव्यानं शिवावे लागले. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे कोचशी उघड बोलता आलं पाहिजे. ते बोलता येत नसेल अशा ठिकाणी मुलीला ठेवू नका. मुलीला घरी आणायच्या आधी बोलता येईल अशी दुसरी जागा शोधा.

ट्रायलला जाताना आधार कार्ड, मूळ जन्मदाखला, गुणपत्रिका, फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, टॉवेल, कपड्यांचे दोन जोड आणि टोपी घ्या. आदल्या दिवशी भोपाळला पोहोचा. पहाटेच्या बसनं चार तास बसून थेट धावायला उभे राहू नका. साधारणपणे उंची, हातांचा पसारा, धावणं, उडी, ताकद आणि पोहणं बघतात. बोटीत बसवलं तर तुम्ही पडणार, बहुतेक सगळे पडतात, त्याचे गुण कापत नाहीत. पडल्यावर घाबरून काठाकडे एकटे पोहत सुटू नका. बोट धरून ठेवा, दुसऱ्या हातात पॅडल ठेवा, तोंड पाण्याबाहेर ठेवून पाय मारत बोटीसकट जेट्टीपर्यंत या, पाणी काढा, आणि कोणी सांगायची वाट न बघता विचारा, "पुन्हा बसू का?"